डाव्या हाताची मुरड

वेणूने मला ओवाळलं, निरांजन देवापुढे नेऊन ठेवलं आणि फराळाची बशी माझ्या हातात दिली. बशीत दोन चकल्या होत्या, चिवडा होता, बेसनाचा लाडू होता आणि माझी करंजी होती. माझी म्हणजे माझ्या वाट्याला आलेली नव्हे. मी केलेली. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पोळपाटावर लाटलेली, माझ्या बोटांनी मुरड घातलेली. आपलं अक्षर माणूस कुठल्याही कागदावर ओळखतो, तशी मी ती ओळखली आणि चोरी पकडली गेल्यासारखा दचकलो. चोरी कुणाची, ते मात्र कळेना. करंजी पोट माझ्याकडे करून पडली होती आणि तिच्या काठावरचा पीळ जगातल्या सगळ्या करंज्यांच्या उलट बाजूला वळत गेला होता. अशी मुरड घालणारी एकच बाई माझ्या माहितीत होती. ती माझी बायको होती आणि तिला जाऊन चार वर्षं झाली. तिच्यानंतर मी घालतो. हे कुणालाच माहीत नाही, कारण मी कुणाला सांगितलेलं नाही.

"घे ना दादा, बघत काय बसलायस?" वेणू म्हणाली. वेणू माझी धाकटी बहीण. कर्वे रोडच्या मागे राहते आणि भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं आहे. "नीरजाने केल्यात. काल तुझे मुलगा-सून येऊन गेले ना, हा एवढा डबा घेऊन. मी तर थक्कच झाले बाई. नोकरी सांभाळून, एवढ्या लांब वाघोलीला राहून, मुरडीच्या करंज्या! आणि मुरड बघितलीस का? अगदी वहिनीची. मी डबा उघडला मात्र, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं."

"हं," मी म्हणालो.

मी काठाचा तुकडा मोडला. तो खुसखुशीत होता, म्हणजे डबा नीट बंद केलेला होता. तेवढी काळजी घेतली म्हणायची. सारणात जायफळ किंचित जास्त पडलं होतं. ते मला करतानाच कळलं होतं, पण तोवर खोबरं, रवा, खसखस, साखर सगळं एक झालं होतं, त्यातून जायफळ वेगळं कोण काढणार? आता ती चूक बहिणीच्या घरी, सुनेच्या नावावर, माझ्या जिभेवर परत आली. समोर वेणू माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या सुनेचं कौतुक माझ्या तोंडून ऐकायचं होतं तिला. "कशी आहे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "जायफळ जास्त झालंय." "तुला मेलं कौतुक करणं जन्मात जमलं नाही," वेणू म्हणाली. "वहिनीचंही कधी केलं नाहीस." हे खरं आहे, आणि वेणूनेही कधी केलं नाही, हेही खरं आहे. पण सणाचा दिवस होता, कपाळावर कुंकू ओलं होतं, म्हणून मी लाडवाकडे वळलो.

आमच्या आईचं डाव्या हाताशी वाकडं होतं. आनंदी डावखुरी आहे हे तिला लग्न झाल्यावर कळलं. बघायला गेलो तेव्हा आनंदीने पोह्यांच्या बशा उजव्या हाताने दिल्या होत्या. तसं तिला तिच्या घरून बजावलेलं होतं. पुढे आईने तिला लिहायला उजवा, वाढायला उजवा, फुलं वाहायला उजवा हात लावला, आणि आनंदीने तोही मुकाट्याने लावला. पण पहिल्या दिवाळीत करंज्यांपाशी गाडं अडलं. तिची मुरड उजव्या हाताने येईना. आली तर सुटे, तेलात सारण सांडे, आणि तेल काळं झालं की आईचा तोंडाचा पट्टा सुरू होई. शेवटी आईनेच तोड काढली. नैवेद्याच्या करंज्या आई करणार, बाकीच्या हिने हव्या तशा वळाव्यात. त्यामुळे आमच्या घरी वर्षानुवर्षं दोन प्रकारच्या करंज्या होत. देवाच्या सरळ आणि माणसांच्या वाकड्या. वेणू तेव्हा कॉलेजात जात असे. ती परातीत हात घालून करंज्या निवडी आणि म्हणे, "ही शहाणी, ही वेडी, ही वेडी, ही पण वेडी." आई हसे. आनंदीही हसे, कारण हसली नसती तर ते लागलं असं दिसलं असतं. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असे. घरात भांडं वाजलं की पेपर उघडायचा, ही आमच्या घराण्याची जुनी पद्धत. वडीलही तेच करत. तीच वेणू आता डोळे पुसून सांगत होती की मुरड अगदी वहिनीची. माणूस मेलं की त्याची मुरड सरळ होते.

"नीरजा डावखुरी आहे का रे?" वेणूने एकदम विचारलं.

माझ्या हातात चकली होती. हो म्हणालो तर खोटं, नाही म्हणालो तर पुढचा प्रश्न. "लक्ष नाही दिलं कधी," मी म्हणालो, आणि हे उत्तर इतकं माझ्यासारखं होतं की वेणूने लगेच विश्वास ठेवला.

नीरजा डावखुरी नाही. नीरजा वाईटही नाही. ती मला वाकून नमस्कार करते, माझ्या गोळ्यांची नावं तिला पाठ आहेत, दिवाळीला ती माझ्यासाठी बदाम-अक्रोडाचा खोका आणते. त्याच्यावर सोनेरी फीत असते आणि आत जाळीदार कागद. मी अक्रोड खात नाही, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. मग तिने तरी का सांगावं की तिच्याकडे करंज्या कुणी खात नाही? असा विचार करायला मी निघालो की चांगला दूरपर्यंत जातो. न्याय करायची खोड मला आहे. पण मग बाळ आठवतो, आणि न्यायबिय सगळा बाजूला राहतो, कारण तो माझा मुलगा आहे आणि त्याने मला फोनवर सांगितलं होतं की करंज्या संपल्या.

शेवटच्या दिवाळीत आनंदीला उभं राहवत नव्हतं. वेताच्या खुर्चीत पाठीला उशी लावून ती स्वयंपाकघराच्या दारात बसली आणि म्हणाली, "या वर्षी तुम्ही करायच्या." मला वाटलं थट्टा चालली आहे. आयुष्यभर ऑफिसात खर्डेघाशी केलेला माणूस, चहाचं आधण ठेवायचं तर गॅसला विचारून ठेवणारा. पण तिने खरोखरच परात मागवली. रवा भिजवताना गरम तुपाचं मोहन घातलं की त्याचा चर्र असा आवाज आला पाहिजे, न आला तर तूप पुन्हा तापवा, असं ती खुर्चीतून सांगे आणि मी तूप पुन्हा तापवी. गोळा दुधाने मळला, ओल्या फडक्याखाली झाकला, कुटून मऊ केला. सगळं जमलं. मुरडीपाशी मी तिच्या समोर पाट मांडून बसलो तेव्हा ती म्हणाली, "समोर नको. शेजारी या. समोरून तुम्हाला सगळं उलटं दिसेल." मी शेजारी बसलो. तिने पारी हातावर घेतली, सारण भरलं, दुधाचं बोट फिरवून काठ मिटवला आणि उजव्या कोपऱ्यापासून डाव्या अंगठ्याने दुमड घालत गेली. एक चिमटा, एक दुमड, एक चिमटा, एक दुमड. तिच्या हातावर सलाइनच्या सुयांचे निळे डाग होते. मी म्हणालो, मी उजव्या हाताने घालतो, मला सोपं जाईल. ती म्हणाली, "उजव्या हाताची मला येत नाही. जी येते ती शिकवते." मग मी डाव्या हाताने शिकलो. माझा डावा अंगठा तोपर्यंत कधी कुठल्या कामाला आलेला नव्हता. पहिल्या करंज्यांचं सारण सुटलं, तेल काळं झालं, आणि आनंदी इतकी हसली की तिला ठसका लागला. "तेल काळं झालं हो," ती म्हणाली, "सासूबाई असत्या तर!" त्या दिवशी आम्ही दोघं आईला जितकं हसलो तितकं उभ्या संसारात हसलो नव्हतो. ते मी करंज्या शिकलो म्हणून झालं, की ती जाणार होती म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

ती गेल्यानंतरच्या दिवाळीत मी एकट्याने केल्या. खिडकी लावून घेतली, कारण समोरच्या गॅलरीतून दिसतं, आणि शनिवार पेठेत माणसं दुसऱ्याच्या खिडकीत फार आस्थेने बघतात. मुरड आली. जरा जाडी होती, पण वळण तिचं होतं. करंज्या ताटात मांडल्या आणि मी त्यांच्याकडे बघत बसलो. मला वाटलं, बाळ येईल आणि काही बोलायची गरजच पडणार नाही. बाळचं आणि या मुरडीचं जुनं नातं. लहानपणी तो करंजीचा फक्त काठ खायचा. मुरड मोडून खायची आणि पोट, सारणासकट, परत डब्यात टाकायचं. डब्यात अशा काठ नसलेल्या बोडक्या करंज्या साठत. आनंदी त्या चहाबरोबर खाई. अख्खी करंजी तिच्या वाट्याला दिवाळीत क्वचितच आली असेल. मी रागावलो की ती म्हणे, "असू दे, त्याला पीळ आवडतो."

बाळ आला, नीरजा आली. त्याने करंजी उचलली, काठ मोडला, तोंडात टाकला आणि विचारलं, "या कुठून आणल्यात, बाबा?" कुठून आणल्यात. कुणी केल्यात असं विचारलं असतं तर मी कदाचित सांगितलं असतं. पण आणल्यात म्हटल्यावर माझ्या तोंडून निघालं, "पेठेतल्या एक बाई करून देतात." "छान आहेत," तो म्हणाला आणि फोनमध्ये बघायला लागला. मी थांबलो. त्याचा हात दुसऱ्या करंजीकडे जाईल, तो ती जरा फिरवून बघेल, त्याच्या कपाळाला आठी पडेल. आठी पडली, पण ती फोनमधल्या कशासाठी तरी. तेव्हापासून दर दिवाळीला मी थांबतो. पुढच्या वर्षी सांगून टाकू शकलो असतो, पण मग हट्ट आला. सांगून ओळखलं तर त्यात ओळखलं काय? तो ज्या हाताने वाढला तो हात त्याला आपण होऊन दिसला पाहिजे. म्हणून दर वर्षी त्या बाई करून देतात, आणि दर वर्षी त्या छान असतात.

यंदा मात्र नुसता हट्ट नव्हता. वाघोलीला बाळने मोठी जागा घेतली आहे आणि तिच्यात एक खोली माझी आहे, असं तो म्हणतो. फोनवर त्याने मला ती दाखवली. पांढरी भिंत, पांढरा पलंग, खिडकीतून दिसणारी दुसऱ्या इमारतीतली तशीच खिडकी. "लिफ्ट आहे, खाली बाग आहे, ज्येष्ठांचा कट्टा आहे," बाळ म्हणाला. "तिथले लोक पण छान आहेत." छान हा शब्द तो फार वापरतो. पेठेतल्या माझ्या दोन खोल्या घ्यायला माणूस तयार आहे. बाळचं म्हणणं खोटं नाही. जिना मला चढवत नाही, मागच्या पावसाळ्यात मी जिन्यात पडलो आणि तसाच बसून राहिलो होतो, हे त्याला शेजाऱ्यांनी कळवलं. मी म्हणालो, भाऊबीज झाली की सांगतो. त्याला वाटलं म्हातारा मुहूर्त बघतोय. मी मुहूर्त बघत नव्हतो. मी मनाशी ठरवलं होतं की बाळने यंदा मुरड ओळखली तर जायचं आणि नाही ओळखली तर नाही. वेडेपणा आहे, मला ठाऊक आहे. कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी डॉक्टरांचं नाव सुचवलं असतं. पण ज्या घरात मरायचं, तिथे आनंदीला ओळखणारं एक माणूस तरी हवं, आणि मला ते विचारायचं नव्हतं, दिसायला हवं होतं.

नरक चतुर्दशीला पहाटेच्या अंघोळी उरकून बाळ एकटाच आला. नीरजाला बरं नव्हतं. मी बशी पुढे केली. "आत्ता नको बाबा, पोट भरलंय, घरी नेतो," तो म्हणाला आणि खोल्या घेणाऱ्या माणसाबद्दल बोलत बसला. मी डबा भरून दिला. निवडून निवडून भरला. फुटलेल्या, डागाळलेल्या माझ्यासाठी ठेवल्या, आणि ज्यांची मुरड अगदी काठोकाठ आनंदीसारखी उतरली होती त्या त्याच्या डब्यात रचल्या, मध्ये केळीचं पान घालून. पाडव्याला त्याचा फोन आला. "बाबा, करंज्या मस्त होत्या. संपल्या पण." संपल्या हे ऐकून मी किती खूश झालो, ते आठवून वेणूच्या सोफ्यावर माझे कान गरम झाले. संपल्या म्हणजे त्याने खाल्ल्या, खाल्ल्या म्हणजे हातात घेतल्या, घेतल्या म्हणजे बघितल्या. अजून बोलला नाही, पण भाऊबीजेपर्यंत वेळ आहे. असा हिशेब करत पाडव्याच्या संध्याकाळी मी नदीकाठी दोनदा फेरी मारून आलो. त्याच संध्याकाळी, आता कळलं, करंज्या फीत बांधून कर्वे रोडला निघाल्या होत्या.

तेवढ्यात उल्का आली. वेणूची नात, मार्गशीर्षात तिचं लग्न आहे. तिने उभ्याउभ्याच बशीतला माझा उरलेला तुकडा उचलला. "दादाआजोबा, हे सॉलिड झालंय ना? नीरजाकाकू एकदम प्रो निघाली." "नुसती खाऊ नकोस," वेणू म्हणाली, "शिकून जा. सासरी पहिली दिवाळी येईल तेव्हा कळेल." "आजी, चिल. ऑनलाइन मागवता येतं." "मुरड नाही मागवता येत. थांब, आत्ताच सांगते नीरजाला, तुला एक दिवस शिकवायला." आणि मी काही म्हणायच्या आत वेणूने फोन लावला. तिला ऐकू कमी येतं म्हणून ती फोन नेहमी मोठ्याने लावते, सगळ्या घराला ऐकू जाईल असा.

"नीरजा, अगं तुझे सासरे इथे बसलेत, तुझीच करंजी खातायत," वेणू ओरडली.

 नीरजा म्हणाली, "हो का, आत्या?" इतक्या हळू म्हणाली की मला तिची दया आली. वेणूने मुरडीचं कौतुक केलं, वहिनीचं नाव घेतलं, उल्काचं सांगितलं. "शिकवशील ना?" नीरजा म्हणाली, "हो, बघू ना आत्या. जमवू." मी केल्या, असं ती म्हणाली नाही. मी नाही केल्या, असंही म्हणाली नाही. खरं म्हणजे त्या क्षणी मला बोलायला हरकत नव्हती. तीन शब्द पुरले असते. मी केल्यात या. वेणूने तोंडात बोट घातलं असतं, उल्काने फोटो काढला असता, आणि वाघोलीला फोनच्या त्या टोकाला एक बाई कायमची खोटी पडली असती. शिवाय सगळ्यात वाईट म्हणजे बाळला ते आत्याकडून कळलं असतं. मी बशीतल्या चिवड्यातले शेंगदाणे निवडत राहिलो.

निघताना वेणूने एक डबा पिशवीत घातला. "नीरजाच्या करंज्या आहेत, थोड्या घेऊन जा. तुला घरी कोण करून देणार?" मी डबा घेतला. नको म्हणालो असतो तर तिने कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायला तिथे फार माणसं होती.

लकडी पुलावर मी रिक्षा सोडली आणि चालत निघालो. पुलावर फुलबाज्यांचा वास होता. पिशवी हलकीच होती, पण सारखी या हातातून त्या हातात घ्यावी लागत होती. केळकर रस्त्याला एका दुकानापुढे घरगुती फराळ असा फलक होता आणि काचेमागे साच्यात दाबलेल्या करंज्या रांगेने पडल्या होत्या, सगळ्यांचे काठ एकसारखे. मी थांबून त्या बघितल्या. यांच्यात ओळखण्यासारखं काही नाही, म्हणून यांच्यामुळे कुणाचं काही बिघडतही नाही. मला राग कुणाचा आला आहे ते मी चालताचालता शोधत होतो. नीरजाचा नव्हता. वेणूचा थोडा होता, पण तो जुना, त्याला आता धार नव्हती. राग बाळचा होता आणि तो करंज्या दिल्याचा नव्हता. दिल्या तर दिल्या. देण्याआधी त्याने डबा उघडून बघितलाच असेल ना? फीत बांधताना, दुसऱ्या डब्यात भरताना, एकीवर तरी नजर गेली असेल. वेणूला एका नजरेत कळलं, जी त्या मुरडीला वेडी म्हणायची. ज्याच्यासाठी आनंदी जन्मभर बोडक्या करंज्या खात आली, त्याला कळलं नाही. की कळलं, आणि तरी दिल्या? हे दुसरं मनात आलं तेव्हा मी शनिवार पेठेत शिरलो होतो. ते मी लगेच बाजूला सारलं. त्यापेक्षा न कळलेलंच बरं होतं.

जिना चढून, दोनदा टेकून, घरात आलो. दिवा लावला. चहा ठेवला तोच फोन वाजला. नीरजा होती.

"बाबा, रागावलात?" ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"अहो, ते करंज्यांचं. घरी एवढं गोड कुणी खातच नाही हो, आणि आत्यांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? मी केल्यात असं मी म्हटलं नव्हतं, शप्पथ. त्यांनीच धरून चाललं. मग मला नाही म्हणता येईना. मी ह्याला म्हटलं होतं, बाबांनी प्रेमाने दिल्यात, देऊ या नको. तर हा म्हणाला, अगं विकतच्याच तर आहेत."

चहाला उकळी आली. मी गॅस बारीक केला.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "विकतच्याच आहेत."

"तुम्ही चिडला नाहीत ना? बरं वाटलं मला. बाबा, एक काम होतं. आता आत्यांनी उल्काला शिकवायचं काढलंय आणि मला तर साधी करंजीपण येत नाही. तुमच्या त्या पेठेतल्या बाई आहेत ना, त्यांचा नंबर द्याल? मी आधी त्यांच्याकडून शिकून घेते. आत्या म्हणत होत्या ती मुरड काहीतरी वेगळी आहे, डाव्या हाताची. त्या बाई डावखुऱ्या आहेत का?"

"होत्या," मी म्हणालो.

"होत्या म्हणजे?"

"वारल्या त्या."

"अरे देवा. कधी?"

"चार वर्षं झाली."

मी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे टीव्ही चालू होता.  चार वर्षं, डावखुरी बाई, शनिवार पेठ. यापेक्षा जास्त मी काय सांगणार होतो? तिला नसेल जुळत, पण बाळ तिथेच होता. तिने फोन जरा दूर धरला आणि ती त्याला म्हणाली, "अरे, करंज्यांच्या त्या बाई गेल्या म्हणे, चार वर्षांपूर्वीच." आणि मला बाळचा आवाज आला, टीव्हीच्या वरून, स्पष्ट. "असं होय? मग आता दुसरं कोणीतरी करत असेल. विचार ना."

"बाबा," नीरजा म्हणाली, "मग आता कोण करतं? दुसऱ्या कोणी असतील तर त्यांचा नंबर द्या ना. मुरड डावी नसली तरी चालेल."

"बघतो," मी म्हणालो. "आणि बाळला सांग, ते वाघोलीचं नको. मी इथेच राहतो."

"अहो पण बाबा, जिना..."

"जिना सवयीचा आहे."

ती थोडा वेळ समजूत घालत राहिली, चांगल्या मनाने. बाळ उद्या फोन करेल म्हणाली. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. चहा आटून कपभराचा अर्धा झाला होता. तो गाळला, खुर्ची ओढली, ती वेताचीच, आणि वेणूने दिलेला डबा उघडला. वरचीच करंजी घेतली. मुरड चांगली होती, सबंध काठावर कुठेही सुटलेली नव्हती. मी काठ मोडला आणि तेवढाच खाल्ला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सावकाश. मग ती बोडकी करंजी, सारणासकट, परत डब्यात टाकली आणि झाकण लावलं. सकाळी चहाबरोबर ती मीच खाल्ली.